पाळणाघरातल्या मुलांचा आहार कसा आखावा: आठवड्याचा तक्ता, मोजमाप आणि पंगत

पाळणाघराच्या भिंतीवर लावलेला रंगीत आहारतक्ता आणि जेवणानंतर धुवायला आलेल्या वाट्या, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की आहार खरंच संतुलित आहे का ते कळतं. तक्त्यात पालक असतो आणि वाटीतही तो तसाच परत आलेला असतो. पोटात न गेलेल्या लोहाचा हिशेब कागदावर कितीही चोख असला, तरी मुलाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून सुरुवातीलाच एक ठरवून घ्यावं. प्रत्येक ताट परिपूर्ण करण्याच्या मागे लागायचं नाही, आठवडा परिपूर्ण करायचा. लहान मूल एका जेवणात भरपूर खातं, पुढच्या जेवणात दोन घास खाऊन उठतं. त्याचा हिशेब चार-पाच दिवसांत जुळतो, पण त्या दिवसांत त्याच्यापुढे योग्य गोष्टी आलेल्या असायला हव्यात. योग्य गोष्टी पुढे आणणं आपलं काम, त्यातलं किती खायचं ते मुलाचं.

पहिलं पाऊल: पदार्थ ठरवण्याआधीची माहिती

बहुतेक जण थेट पदार्थांची यादी करायला बसतात आणि तिथेच चुकतात. आधी एका कागदावर मुलांची वयं लिहा: एक वर्षाखालची किती, एक ते दोनमधली किती, दोनच्या पुढची किती. मग प्रत्येक मूल किती तास थांबतं ते लिहा. दिवसभर राहणाऱ्या मुलाच्या रोजच्या गरजेचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग पाळणाघरात भागला पाहिजे, अर्धा दिवस राहणाऱ्याचा निदान एक-तृतीयांश. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १००० ते १४०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे पूर्ण दिवस थांबणाऱ्या मुलाच्या पोटात आपल्या हातून किमान ५०० किलोकॅलरी जायला हव्यात. बिस्किटांच्या दोन पुड्यांतूनही त्या जातील, म्हणून कॅलरी हा फक्त पहिला आकडा समजावा.

त्यानंतर अ‍ॅलर्जी, चालू औषधं, घरी काय खाल्लं जात नाही (मांस, अंडी, आणखी काही) आणि मूल सकाळी घरून काय खाऊन येतं हे पालकांकडून लेखी घ्यावं. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अनेक मुलं उपाशीपोटी किंवा नुसतं दूध पिऊन येतात. अशा मुलांसाठी सकाळचा नाश्ता हेच दिवसाचं पहिलं जेवण असतं.

आणि स्वयंपाकघर. शेगड्या किती, हात किती, फ्रीज केवढा? एका शेगडीवर एकटी व्यक्ती सकाळी अकरापर्यंत तीन पदार्थ करणार असेल, तर चौथा पदार्थ तक्त्यावर लिहूच नये. तो दुसऱ्या आठवड्यातच गळतो आणि त्याच्या जागी पाकिटातलं काहीतरी येतं.

दुसरं पाऊल: वेळा

लहान पोटात एका वेळी फार मावत नाही. दर अडीच ते तीन तासांनी काहीतरी मिळावं: सकाळचा नाश्ता, मधला छोटा खाऊ, दुपारचं जेवण आणि झोपेनंतरचा खाऊ. मधल्या वेळात फक्त पाणी. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड, पण उपयोगही त्याचाच सगळ्यात जास्त होतो. रडणाऱ्या मुलाच्या हातात बिस्किट ठेवलं की ते गप्प होतं आणि तासाभराने जेवायला बसत नाही. मग 'हा जेवतच नाही' अशी तक्रार घरी जाते.

मुलांना अति भूक लागण्याआधी आणि झोप अनावर होण्याआधी जेवण हवं. दोन वर्षांखालची मुलं बाराला पेंगत असतील, तर त्यांचं जेवण साडेअकराला घ्या. जेवणाला अर्धा तास आणि खाऊला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यापुढे ताट ठेवून मुलाला बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरं पाऊल: टोपल्या भरणं

पोषणतक्त्यांच्या जंजाळात न शिरता पाच टोपल्या डोळ्यांसमोर आणा. एकीत धान्य आणि कंद, दुसरीत डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, मांस, तिसरीत भाज्या, चौथीत फळं, पाचवीत दूध आणि दह्यासारखे पदार्थ. दुपारच्या जेवणात पाचांपैकी निदान तीन, जमलं तर चार टोपल्यांतलं काहीतरी असावं. खाऊत दोन पुरेत, पण त्यांतली एक फळांची, भाज्यांची किंवा दुधाची असावी. खाऊ म्हणजे गोड पदार्थ ही आपली सवय आहे, मुलाची गरज नाही. खाऊ हे छोटं जेवणच समजा.

दुसऱ्या टोपलीवर थोडं थांबावं लागेल. पालक हमखास विचारतात, प्रथिनं पुरतात ना? एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, १५ ग्रॅम कोरड्या मसुरात साडेतीन, अर्धा कप दुधात चार. पुरेसं खाणाऱ्या मुलाला सहसा प्रथिनं कमी पडत नाहीत. कमी पडतं ते लोह. या वयात दिवसाला ७ ते ८ मिलिग्रॅम लोह लागतं आणि त्याच १५ ग्रॅम मसुरात ते जेमतेम एक मिलिग्रॅम असतं. वर वनस्पतींमधलं लोह शरीर कमी शोषतं. लोहाच्या कमतरतेने मूल फिकट आणि मरगळलेलं दिसतं, लक्ष लागत नाही, आणि भूकही मंदावते, म्हणजे चक्र आणखी घट्ट होतं.

उपाय जेवणाच्या जुळणीत आहे. डाळ किंवा कडधान्याबरोबर त्याच जेवणात क जीवनसत्त्वाचं काहीतरी ठेवायचं: टोमॅटो, संत्र्याच्या फोडी, पेरू, पपई, ढोबळी मिरची, लिंबू पिळलेली भाजी. त्याने लोहाचं शोषण वाढतं. चहा उलट काम करतो, लहान मुलांना तो देऊच नये. आणि जेवणाच्या तोंडावर दुधाचा मोठा पेला नको. दूध चांगलं, पण एक वर्षानंतर दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या फार पुढे गेलं की ते पोट भरतं आणि लोहाचे पदार्थ बाजूला सारतं. घरी किती दूध होतं हे ठाऊक असल्याशिवाय पाळणाघरात किती द्यायचं ते ठरवता येत नाही.

मांस-मासे-अंडी यांतलं काहीच न खाणाऱ्या मुलांच्या बाबतीत बी-१२ जीवनसत्त्वाकडेही लक्ष ठेवावं. ते दूध-दह्यातून मिळतं. दूधही वर्ज्य असेल, तर पालकांनी डॉक्टरांशी बोलायला हवं. हे पाळणाघराने स्वतःच्या अंदाजाने सोडवण्याचं काम नाही.

स्निग्ध पदार्थांची भीती मोठ्यांच्या जगातली आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना साय काढलेलं दूध देऊ नये. वाढत्या मेंदूला आणि छोट्या पोटाला थोडक्यात जास्त ऊर्जा देणारं अन्न लागतं, म्हणून भाजीत चमचाभर तेल किंवा लोणी असू द्या. साखरेच्या बाबतीत मात्र हात आखडता हवा. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नकोच आणि पुढेही अपवाद म्हणूनच. एक वर्षाखालच्या मुलाला फळांचा रस अजिबात नाही. नंतरही रसापेक्षा अख्खं फळ बरं, कारण रसात साखर उरते आणि चोथा निघून जातो. मिठाबद्दल एक सोपी युक्ती: मुलांचा वाटा आधी बाजूला काढा, मोठ्यांसाठीचं मीठ आणि तिखट नंतर घाला. तीन वर्षांपर्यंत दिवसाला दोन ग्रॅम मीठ पुष्कळ होतं, आणि त्यातलं बरंचसं पाकिटबंद पदार्थांतूनच जातं.

चौथं पाऊल: चक्र

एका आठवड्याचा तक्ता महिनाभर फिरवला तर मुलं कंटाळतात आणि दर आठवड्याला नवा केला तर आपण कंटाळतो. तीन किंवा चार आठवड्यांचं चक्र दोघांनाही मानवतं. एक बारकावा: पाच दिवसांच्या आठवड्यात फक्त सोमवारी आणि बुधवारी येणारं मूल असेल, तर सगळ्या आठवड्यांत सोमवारी मसूरच येत नाही ना ते पाहा.

तक्ता भरताना क्रम महत्त्वाचा. आधी पाचही दिवसांच्या दुपारच्या जेवणातला लोहाचा मुख्य पदार्थ लिहा. मग प्रत्येकाला शोभेल अशी भाजी, मग क जीवनसत्त्वाचं फळ किंवा टोमॅटो, आणि शेवटी धान्य. आपण सवयीने उलट करतो. भात लिहितो, मग 'त्याच्याबरोबर काय' असा विचार करतो, आणि पाचही दिवस तेच येतं.

दुपारच्या जेवणाचा एक नमुना आठवडा असा होईल:

सोमवार: मऊ मसूर, भात, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, संत्र्याच्या फोडी.
मंगळवार: पूर्ण शिजलेलं अंडं, उकडलेला बटाटा, मटार, टोमॅटो.
बुधवार: काटे काढलेला मासा किंवा बारीक केलेलं चिकन (शाकाहारी मुलांना सोयाबीन), भात, पालेभाजी, पपई.
गुरुवार: भिजवून मऊ शिजवलेले हरभरे, गव्हाचा पदार्थ, गाजर, लिंबू.
शुक्रवार: मूग, भात, फ्लॉवर, टोमॅटो, वाटीभर दही.

आता हाच तक्ता खाऊसकट पुन्हा वाचा. सकाळी शिजवलेलं धान्य, दूध आणि केळ, मधल्या वेळी फळ, संध्याकाळी दही किंवा उकडलेला कंद, असं धरलं तर भोपळा, गाजर, पपई आणि पालेभाजी यांमुळे अ जीवनसत्त्व आठवड्यातून तीन दिवस येतं. भात मात्र तीनदा आहे. त्यातला एखादा बदलून दुसरं भरड धान्य घालता येईल. एवढी एक दुरुस्तीसुद्धा तक्ता वाचल्याशिवाय सुचत नाही. रंगही पाहा. मासा, भात, फ्लॉवर, केळ असं सगळं पांढरं ताट पोषणाच्या दृष्टीने चालून जाईल, पण मुलांना त्यात बोट घालावंसं वाटणार नाही.

नवा पदार्थ एका दिवशी एकच, आणि तोही मुलांच्या ओळखीच्या दोन पदार्थांच्या शेजारी. ताटात सगळंच अनोळखी असेल तर मूल उपाशी उठेल आणि त्या रंगाशीच वैर धरेल.

पाचवं पाऊल: किती शिजवायचं

वाढण्याचा जुना ठोकताळा अजूनही चांगला आहे: प्रत्येक पदार्थ वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मोठा चमचा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भाजी, चार वर्षांच्याला चार. हे सुरुवातीचं वाढप आहे. मागितलं की पुन्हा द्यायचं, म्हणून शिजवताना त्याहून जास्त धरावं लागतं.

वीस मुलांसाठी, माणशी २५ ग्रॅम कोरडे तांदूळ म्हणजे अर्धा किलो घ्या. शिजल्यावर त्याचा सव्वा ते दीड किलो भात होतो, म्हणजे एका मुलामागे साठ-सत्तर ग्रॅम. डाळ माणशी १५ ग्रॅम, एकूण ३०० ग्रॅम. भाजी साफ केल्यावर माणशी ४० ग्रॅम. हे आकडे पहिल्या आठवड्यापुरते. त्यानंतर पातेल्यात किती उरलं आणि वाट्यांत किती उरलं हे वेगवेगळं लिहून ठेवा. पातेल्यात उरलं तर आपण जास्त शिजवलं. वाट्यांत उरलं तर जास्त वाढलं, किंवा पदार्थ मुलांना रुचला नाही. या दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

सहावं पाऊल: वयाप्रमाणे बदल आणि घशात अडकण्याचा धोका

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं किंवा तान्ह्या बाळांसाठीच्या पावडरचं (फॉर्म्युला) दूध. आईचं दूध नाव आणि तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, कारण ते कुठे कोमट तर कुठे चटका बसेल इतकं तापतं. पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवून थंड करावी. पिऊन उरलेलं दूध टाकून द्यावं. सहा महिन्यांनंतर मऊ कुस्करलेलं, मग दाणेदार, मग हातात धरता येईल असं अन्न. वर्षाचं होईपर्यंत मूल मोठ्यांचंच जेवण मऊ करून खाऊ लागलं पाहिजे. सगळं मिक्सरमधून काढून देत राहिलं तर चावायची सवय लांबते. मध वर्षाखाली अजिबात नाही, चाटवण्यापुरताही नाही: त्यातले जिवाणू बाळाच्या आतड्यात वाढून बोटुलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो. गाईचं दूध पिण्याचं मुख्य दूध म्हणूनही वर्षानंतरच. स्वयंपाकात थोडं वापरलेलं चालतं.

घशात अडकण्याच्या बाबतीत पाच वर्षांपर्यंत कोणतीही सूट नको. अख्खे शेंगदाणे आणि सुकामेवा नाही, पॉपकॉर्न नाही, कडक गोळ्या नाहीत. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चिरून चार तुकडे. आडवी चकती श्वासनलिकेत नेमकी बुचासारखी बसते. गाजर आणि सफरचंद वाफवून किंवा किसून. शेंगदाण्याचा लगदा पातळ थरात, चमच्याने तोंडात गोळा देऊ नये. आणि मुलं बसूनच खातील. पळत, पडून किंवा गाडीत बसून खाणं बंद. जेवताना मोठं माणूस समोर हवं, स्वयंपाकघरातून 'झालं का रे' विचारणारं नको. घशात अडकल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण फक्त एकीने नव्हे, सगळ्या ताईंनी घेतलेलं असावं. गरज पडते त्या दिवशी ती एक ताई नेमकी रजेवर असते.

अ‍ॅलर्जीची यादी स्वयंपाकघरात आणि वाढण्याच्या जागी, दोन्हीकडे लावा. दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, गहू, सोया, तीळ, मासे आणि कवचाचे जलचर हे नेहमीचे संशयित. त्या मुलाचं ताट आधी वाढावं, वेगळ्या रंगाचं असावं, चमचाही वेगळा. मात्र नुसत्या भीतीपोटी सगळ्यांच्याच तक्त्यातून हे पदार्थ काढू नका. अंडं किंवा शेंगदाणा पहिल्यांदा घरीच, पालकांच्या नजरेखाली चाखवला जावा, एवढा नियम पुरतो.

सातवं पाऊल: स्वयंपाकघर

इथे थोडक्यात. हात साबणाने धुवा, कच्चं मांस आणि तयार अन्न वेगळं ठेवा, अन्न आतपर्यंत वाफाळेल असं शिजवा. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ ओट्यावर नको. भाताची विशेष काळजी घ्यावी. त्यातले काही जिवाणू शिजवूनही तग धरतात आणि भात कोमट पडून राहिला की विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात तासाभरात पसरून थंड करावा आणि फ्रीजमध्ये टाकावा, नाहीतर टाकून द्यावा. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, खळखळ उकळवून शिजवावा. कच्चट राजम्याने उलट्या होतात.

आठवं पाऊल: पंगत

शिकागोच्या डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. एकूण पंधरा मुलं होती. त्यांच्यापुढे ३४ साधे पदार्थ आळीपाळीने ठेवले जात आणि कोण काय खातं त्यात कोणी ढवळाढवळ करत नसे. मुलांनी चित्रविचित्र जेवणं केली, तरी ती धडधाकट वाढली. यावरून 'मुलांना सगळं कळतं' असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. त्या यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. खरी युक्ती यादीतच आहे, असं डेव्हिस स्वतःच म्हणाल्या होत्या. पाळणाघरात यादी आपल्या हातात असते, म्हणून निवड निर्धास्तपणे मुलांवर सोपवता येते.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी हीच वाटणी सरळ मांडली: काय, कधी आणि कुठे ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. पाळणाघरात हे अमलात आणायचं तर काही सवयी मोडाव्या लागतात. 'भाजी संपव, मग गोड मिळेल' म्हटलं की भाजी म्हणजे शिक्षा आणि गोड म्हणजे बक्षीस हे मूल एका दिवसात शिकतं. 'बघ, तिने कसं संपवलं' हेही तसंच. दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाचा संशय येणं अगदी स्वाभाविक आहे. एखादी भाजी आठ ते पंधरा वेळा पुढे यावी लागते, तेव्हा कुठे ती ओळखीची वाटते. चार आठवड्यांच्या चक्रात दुधी फक्त एकदाच येत असेल, तर ओळख व्हायला वर्ष जाईल. म्हणून नकोशी भाजी तक्त्यातून काढू नका, तिची पाळी वाढवा आणि वाढप एका चमच्यावर आणा.

ताईंनी मुलांबरोबर बसून तेच जेवावं. शक्य असेल तिथे मुलांनी स्वतः वाढून घ्यावं. सांडेल, पण तीन वर्षांच्या मुलाने स्वतः घेतलेला चमचा तोंडात जाण्याची शक्यता आपण वाढलेल्यापेक्षा जास्त असते. एखाद्याने काही खाल्लंच नाही, तर ताट शांतपणे उचला. पुढचा खाऊ अडीच तासांवरच आहे.

नोंद आणि पालक

पालकांना रोज संध्याकाळी 'जेवला' किंवा 'नाही जेवला' एवढंच कळवलं, तर घरी जबरदस्ती सुरू होते. त्याऐवजी 'भात आणि मूग खाल्ले, फ्लॉवर चाखून ठेवला, दही दोनदा घेतलं' असं लिहा. लिहायला अर्धं मिनिट जास्त लागतं, पण घरी रात्रीचा स्वयंपाक त्याप्रमाणे ठरवता येतो. आठवड्याचा तक्ता शुक्रवारीच पालकांकडे जावा, आणि त्यात आयत्या वेळी बदल झाला तर तोही कळवावा. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या घरी तर ही नोंद जेवणाइतकीच महत्त्वाची असते.

वजन-उंचीचा आलेख डॉक्टरांकडे पाहिला जातो. एखादं मूल आठवडे उलटूनही अगदी मोजकेच दोन-तीन पदार्थ खात असेल, गिळताना वारंवार ठसकत असेल, किंवा त्याचे कपडे सैल होऊ लागले असतील, तर ते आधी पाळणाघराला दिसतं. असं दिसलं की तारखांसह लिहून पालकांना द्या.

चक्र एकदा पूर्ण झालं की वाट्यांची वही काढून बसा. दोनदा परत आलेला पदार्थ आधी वेगळ्या रूपात करून पाहा: उकडलेल्या गाजराऐवजी किसलेलं, पातळ मसुराऐवजी घट्ट. चौथ्यांदाही परत आला तर त्याच टोपलीतलं दुसरं काहीतरी त्याच्या जागी लिहा, आणि पहिला पदार्थ पुढच्या चक्रात चमचाभर पुन्हा ठेवा.